पूल : अंगवळणी पडलेल्या चुका मोडताना

आठ क्रमांकाचा काळा बॉल कोपऱ्यातील पॉकेटपासून हातभर अंतरावर आहे. पांढरा बॉल त्याच्या जवळजवळ सरळ रेषेत उभा आहे. प्रतिस्पर्ध्याचे तीन बॉल अजून टेबलावर आहेत. वर्षानुवर्षे खेळणाऱ्या खेळाडूसाठी हा फटका म्हणजे औपचारिकता. तो वाकतो, क्यू मागे-पुढे करतो, फटका मारतो आणि त्याच क्षणी त्याचे डोके वर येते. काळा बॉल पॉकेटच्या कडेवर आपटून बाहेर फेकला जातो. 'आज नशीबच नाही,' असे म्हणत खेळाडू क्यू भिंतीला टेकवतो.

शहरांतील पूल पार्लरमध्ये हे दृश्य रोज पाहायला मिळते. पण अशा चुकलेल्या फटक्यात नशिबाचा वाटा फार थोडा असतो. बहुतेक वेळा दोष असतो तो हाताला, खांद्याला आणि डोळ्यांना लागलेल्या चुकीच्या वळणाचा. तासाच्या हिशेबाने पैसे मोजून खेळणारे अनेक जण दोन-तीन वर्षांत एका पातळीला पोहोचतात आणि मग तिथेच अडकून राहतात. खेळ वाढतो, पण सुधारत नाही. किंबहुना चुकीच्या पद्धतीने घालवलेला प्रत्येक तास ती चूक अधिक घट्ट करतो. ही वळणे ओळखावीत कशी आणि मोडावीत कशी, याचा हा आढावा.

एका अंशाची किंमत

पूल आणि स्नूकर ही एकाच कुळातील भावंडे. आपल्याकडे स्नूकरचे नाते जुने आहे. १८७५ साली जबलपूर येथे ब्रिटिश लष्करी अधिकारी नेव्हिल चेंबरलेन यांनी तो खेळ सुरू केला, असे मानले जाते. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स यांनी १९५८ आणि १९६४ साली हौशी बिलियर्ड्सचे विश्वविजेतेपद मिळवले, तर अनेक विश्वविजेतेपदे पटकावणारे पंकज अडवाणी यांचाही जन्म पुण्याचाच. मात्र बिलियर्ड्स आणि स्नूकर प्रामुख्याने जिमखान्यांत वाढले, तर पूल वाढला पार्लरमध्ये. जिमखान्यात चूक दाखवणारे कोणी तरी ज्येष्ठ असतात. पार्लरमध्ये मात्र मित्रच गुरू आणि मित्रच प्रतिस्पर्धी. त्यामुळे पूल खेळणाऱ्यांमध्ये स्वयंशिक्षितांची संख्या मोठी आहे.

स्नूकरच्या बारा फुटी टेबलापेक्षा पूलचे टेबल लहान असते. स्पर्धेच्या नऊ फुटी टेबलावर खेळण्याची जागा १०० इंच लांब आणि ५० इंच रुंद असते. बॉलचा व्यास सव्वादोन इंच, म्हणजे ५७ मिलिमीटरच्या आसपास. कोपऱ्यातील पॉकेटचे तोंड स्पर्धेच्या टेबलावर साधारण साडेचार इंच. या मोठ्या पॉकेटमुळे पूल सोपा आहे असा समज होतो. साधे गणित मांडले तर तो टिकत नाही.

समजा, पांढरा बॉल आणि लक्ष्य बॉल यांत एक मीटर अंतर आहे आणि लक्ष्य बॉलपासून पॉकेटही एक मीटरवर, अगदी सरळ रेषेत आहे. पांढरा बॉल केवळ एका अंशाने भरकटला, तर तो लक्ष्य बॉलपर्यंत पोहोचेतो सुमारे साडेसतरा मिलिमीटर बाजूला गेलेला असतो. दोन गोल वस्तूंच्या टकरीत ही चूक अनेक पटींनी वाढते. लक्ष्य बॉल मूळ रेषेपासून सुमारे १७ अंशांनी वळतो आणि पॉकेटपासून जवळजवळ ३० सेंटिमीटर दूर जाऊन कुशनला धडकतो. याचाच अर्थ असा, की हा फटका यशस्वी व्हायचा तर पांढऱ्या बॉलच्या दिशेतील चूक अंशाच्या दहाव्या भागाच्या आसपास राहायला हवी. ज्या खेळात इतकी अचूकता लागते, तेथे खांद्याचा किंचित हिसका किंवा मनगटाची अल्पशी मुरड फटका बिघडवण्यास पुरेशी ठरते.

चूक हाताला लागते कशी?

'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही,' असे आपण म्हणतो. खेळातील खोड जाते, पण ती मुळात का लागली हे समजल्याशिवाय जात नाही.

मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर यांनी १९६७ साली कौशल्य आत्मसात करण्याचे तीन टप्पे मांडले. पहिल्या टप्प्यात माणूस प्रत्येक हालचालीचा विचार करतो, दुसऱ्यात हालचाली एकमेकींशी जुळू लागतात आणि तिसऱ्यात त्या विचाराविना आपोआप घडतात. सायकल चालवताना तोल सांभाळण्याचा विचार करावा लागत नाही, तो याच कारणाने. अडचण अशी, की शरीर बरोबर आणि चूक यांत भेद करत नाही. जे वारंवार केले जाते ते आपोआप होऊ लागते, मग ते सदोष का असेना.

त्यात भर पडते ती सुरुवातीच्या यशाची. नवशिका खेळाडू वाकडातिकडा उभा राहून बॉल पॉकेटमध्ये घालतो, मित्र टाळ्या वाजवतात आणि त्या वाकडेपणावर शिक्कामोर्तब होते. कॅरमवर वाढलेल्या आपल्याकडच्या अनेक खेळाडूंना कोन चटकन कळतात, ही त्यांची जमेची बाजू. पण कॅरममध्ये स्ट्रायकर बोटाच्या टिचकीने सुटतो. ती झटक्याची सवय पूलमध्ये आली, की क्यू बॉलमधून सरळ पुढे न जाता त्याला टोचा मारून थांबतो.

सर्वांत महत्त्वाची बाब निराळीच आहे. जुन्या खेळाडूची चूक सहसा एकटी नसते. एखाद्याची नेम धरण्याची रेषा थोडी उजवीकडे असते आणि त्याचा हात फटका मारताना क्यू थोडा डावीकडे ओढतो. दोन्ही चुका एकमेकींना छेदतात आणि बॉल आत जातो. हा समतोल मन शांत असताना टिकतो. सामना अटीतटीचा झाला की हात आखडतो, ओढ कमी-जास्त होते आणि सोपा फटका हुकतो. 'सरावात सगळे जमते, सामन्यात काय होते कळत नाही,' या तक्रारीचे मूळ अनेकदा येथे असते. एक चूक दुरुस्त करताच दुसरी उघडी पडते आणि खेळ काही काळ आणखी बिघडतो, त्याचेही कारण हेच.

आधी निदान, मग औषध

आपली चूक आपल्याला कळते, असे प्रत्येकाला वाटते. प्रत्यक्षात फटका मारताना शरीर काय करते याची खेळाडूला क्वचितच अचूक जाणीव असते. म्हणून निदान डोळ्यांवर आणि टेबलावर सोपवावे. त्यासाठी पुढील चाचण्या उपयुक्त ठरतात.

एकट्या बॉलची चाचणी : पांढरा बॉल टेबलाच्या मध्यरेषेवर ठेवावा आणि समोरच्या आखूड कुशनवरील मधल्या खुणेवर मध्यम वेगाने मारावा. फटक्यानंतर क्यू जेथे थांबला तेथेच ठेवावा. परतणारा बॉल टिपेला येऊन लागला पाहिजे. बॉल जातानाच रेषा सोडत असेल, तर नेम किंवा क्यूची दिशा चुकते आहे. सरळ जाऊन कुशनवर आपटल्यावर एका बाजूला वळत असेल, तर टिप बॉलच्या मध्यावर न बसता बाजूला बसते आहे आणि नकळत साइड स्पिन दिला जातो आहे.

स्टॉप शॉट : दोन बॉल पॉकेटच्या सरळ रेषेत, एकमेकांपासून फूटभर अंतरावर ठेवावेत. लक्ष्य बॉल आत जावा आणि पांढरा बॉल टकरीच्या जागीच थांबावा. तो जागच्या जागी भोवऱ्यासारखा फिरत राहिला तर साइड स्पिन निश्चित. वरून पाहताना तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरत असेल तर टिप उजवीकडे बसली, काट्यांच्या दिशेने फिरत असेल तर डावीकडे. मग अंतर दोन फूट, तीन फूट, चार फूट असे वाढवत जावे. ज्या अंतरावर फटका डळमळू लागतो, ती त्या खेळाडूच्या तंत्राची खरी मर्यादा समजावी.

पट्ट्याचा बॉल : पांढऱ्याऐवजी नऊ ते पंधरा क्रमांकांपैकी एखादा पट्ट्याचा बॉल घ्यावा. पट्टा उभा, नेमाच्या रेषेत ठेवून फटका मारावा. पट्टा सरळ चाकासारखा फिरला तर फटका मध्यावर, डोलत गेला तर बाजूला. टिपेला ताजा चॉक लावला असेल तर तिची खूणही बॉलवर दिसते.

चित्रीकरण : मोबाइल फोनच्या कॅमेऱ्याने हे काम आता सोपे केले आहे. तीन बाजूंनी चित्रण करावे. समोरून डोके आणि क्यूची रेषा दिसते, मागून कोपर आणि बाजूने उभे राहण्याची ढब. एकाच फटक्याचे चित्रण पुरेसे नाही. एकच फटका वीस वेळा मारावा आणि चुकलेल्या फटक्यांत काय समान आहे ते पाहावे. सामन्यातील चित्रणही हवे, कारण कॅमेऱ्यासमोर मुद्दाम केलेला सराव आणि खरा खेळ यांत फरक असतो.

चुकलेल्या फटक्यांची नोंद वहीत ठेवावी. बॉल पॉकेटच्या डावीकडे गेला की उजवीकडे, एवढे लिहिले तरी पुरते. चुका दोन्ही बाजूंना विखुरलेल्या असतील तर अस्थिरता हा दोष. बहुसंख्य एकाच बाजूला असतील तर नेमाची रेषा किंवा स्ट्रोकचे वळण तपासावे.

नेहमी आढळणाऱ्या चुका

डोके उचलणे : ही खोड सर्वांत अधिक आढळते आणि सर्वांत उशिरा जाते. बॉल गेला का, हे पाहण्याची उत्सुकता तिच्या मुळाशी असते. टिप आणि बॉल यांचा स्पर्श सुमारे एक हजारांश सेकंद टिकतो. त्यानंतर खेळाडूने काहीही केले तरी बॉलची दिशा बदलत नाही. मग नंतर डोके उचलले तर बिघडले कोठे, असा प्रश्न पडेल. अडचण अशी, की फटक्यानंतर उठण्याची सवय हळूहळू फटक्याच्या आधी सरकते. डोके हलले की खांदा हलतो, खांद्याबरोबर कोपर आणि कोपराबरोबर क्यू. उपाय साधा आहे. लक्ष्य बॉल पॉकेटमध्ये पडल्याचा आवाज येईपर्यंत किंवा तो थांबेपर्यंत वाकलेलेच राहावे. सोबत्याने प्रत्येक फटक्यानंतर क्यूची टिप कोठे थांबली ते विचारावे. उत्तर देता आले नाही, तर खेळाडू उठला होता असे समजावे.

क्यू आवळून धरणे : अवघड फटका आला की मूठ आवळली जाते. आवळलेल्या मुठीने मनगट वळते आणि क्यूचे मागचे टोक उचलले जाते. लहान मुलाचा हात धरावा इतक्या हलक्या पकडीने क्यू धरला तरी तो सुटत नाही, कारण त्याचे वजन हातावर तोललेले असते. पकड केवळ हलकी असून भागत नाही. ती फटक्याच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी राहिली पाहिजे.

कोपर बाहेर जाणे : मागून पाहिल्यास क्यू, कोपर आणि खांदा साधारण एका उभ्या पातळीत असावेत. कोपर पंखासारखे बाहेर निघाले की क्यू कमानीसारखा फिरू लागतो. बाजूने पाहिल्यास, टिप बॉलला लागते त्या क्षणी कोपरापासून खालचा हात जमिनीला साधारण काटकोनात असावा. फटका लागून गेल्यावर कोपर थोडे खाली आले तर घाबरण्याचे कारण नाही. कित्येक व्यावसायिक खेळाडूंचे ते येते. फटक्याच्या आधी मात्र ते स्थिर हवे. या दोषावर जुना आणि बिनखर्चाचा उपाय म्हणजे बाटली. रिकामी बाटली टेबलावर आडवी ठेवून क्यूची टिप तिच्या तोंडाला न लावता आत-बाहेर करावी. सुरुवातीला काचेवर होणारा टकटक आवाजच चूक दाखवून देतो.

वाकल्यानंतर नेम धरणे : अनेक जण आधी वाकतात आणि मग क्यू इकडेतिकडे सरकवत रेषा शोधतात. पाय चुकीच्या जागी असतात, वरचे शरीर मात्र रेषेकडे ओढले जाते. योग्य क्रम याच्या उलट आहे. उभे असतानाच रेषा निश्चित करावी, त्या रेषेवर पाय ठेवावा आणि मग रेषेतच खाली जावे. वाकल्यावर नेम चुकल्यासारखा वाटला तर क्यू न सरकवता उठून पुन्हा सुरुवात करावी. सुरुवातीला हे कंटाळवाणे वाटते. मित्र हसतातही. पण खेळ सुधारण्यात या एका शिस्तीचा वाटा फार मोठा आहे.

घाई आणि टोचा : क्यू मागे नेऊन क्षणभरही न थांबता पुढे हिसकला तर त्याची दिशा बिघडते. मागच्या टोकाला अल्प विराम, मग सावकाश सुरुवात आणि बॉलपाशी वाढता वेग, हा स्ट्रोकचा क्रम. मध्यम वेगाच्या साध्या फटक्यात टिप बॉलच्या मूळ जागेच्या चार-सहा इंच पुढे जाऊन थांबली पाहिजे. पुष्कळ मागे नेऊन हळू मारायचे म्हटले, तर हात शेवटच्या क्षणी वेग आवरतो आणि फटका मरतो. हलक्या फटक्यासाठी क्यू मुळातच कमी मागे न्यावा.

नको तेथे साइड स्पिन : चार फटके पाहून शिकलेला खेळाडू प्रत्येक बॉलला 'साइड' लावतो. बॉलच्या बाजूला मारले की पांढरा बॉल नेमाच्या रेषेपासून उलट बाजूला किंचित सरकतो, पुढे कापडावर वळतो आणि टकरीत लक्ष्य बॉललाही ओढतो. या गुंतागुंतीचे गणित फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिओलिस यांनी १८३५ सालीच एका ग्रंथात मांडले होते. एकाच फटक्यात एवढे तीन परिणाम सांभाळण्यापेक्षा, जेथे मधल्या उभ्या रेषेवर वर किंवा खाली मारून काम भागते तेथे साइड टाळावा. बॉलच्या मध्यापासून त्रिज्येच्या निम्म्यापेक्षा अधिक बाहेर टिप गेली तर ती निसटण्याचीच शक्यता असते.

याखेरीज ढिला ब्रिज, ताकदीचा अतिरेक आणि अनिश्चित नजर हे दोषही सर्रास दिसतात. ब्रिजच्या हाताची बोटे कापडावर घट्ट टेकलेली हवीत. ताकद जेवढी कमी तेवढे पॉकेट जणू मोठे होते, कारण वेगाने आलेला बॉल पॉकेटच्या कडेला लागून बाहेर पडतो. तयारीच्या हालचालींत नजर पांढऱ्या आणि लक्ष्य बॉलमध्ये फिरावी. फटक्याच्या क्षणी मात्र बहुतेक प्रशिक्षक ती लक्ष्य बॉलवर स्थिर ठेवण्यास सांगतात.

मोडण्याची रीत

सवय पुसता येत नाही, तिच्या जागी दुसरी बसवावी लागते. 'डोके उचलू नको' असे स्वतःला बजावून उपयोग होत नाही. 'टिप थांबेल तेथे पाहा' ही सूचना उपयोगी पडते, कारण ती शरीराला काही तरी करायला देते. गॅब्रिएले वुल्फ यांच्या १९९८ पासूनच्या संशोधनातून हीच बाब पुढे आली आहे. स्वतःच्या अवयवाकडे लक्ष देण्यापेक्षा हालचालीच्या परिणामाकडे लक्ष दिले तर कौशल्य चांगले साधते. 'कोपर सरळ ठेव' यापेक्षा 'टिप त्या रेषेवरून ने' हे म्हणूनच अधिक फलदायी.

पहिला नियम, एका वेळी एकच चूक. डोके, पकड आणि कोपर एकदम दुरुस्त करू पाहणाऱ्याचा क्यू पुढे जाईनासा होतो. ज्या चुकीमुळे इतर चुका जन्मतात ती आधी घ्यावी. उभे राहण्याची ढब आणि रेषा सदोष असेल तर तिच्यावरच बहुधा सारे अवलंबून असते.

दुसरा नियम, आधी सोपे फटके. नवी हालचाल बसवताना पॉकेट मोजू नये. सुरुवात रिकाम्या टेबलावर, बॉलशिवाय करावी. मग एकटा पांढरा बॉल, मग फूटभर अंतराचे सरळ फटके आणि सर्वांत शेवटी कोन. यशाचे मोजमाप बॉल आत गेला का हे नसून हालचाल ठरल्याप्रमाणे झाली का, हे असावे.

तिसरा नियम, सरावाचा काळ आणि सामन्याचा काळ वेगळा. नवी पद्धत अर्धवट बसली असताना पैज लावून किंवा चुरशीने खेळले, तर हात जुन्याच वळणावर जातो. शक्य असेल तर दोन-तीन आठवडे सामने टाळावेत. ते शक्य नसेल, तर सामन्यात तंत्राचा विचार करू नये. जसे येते तसे खेळावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावाला लागावे.

चौथा नियम, सराव बदलता हवा. हालचाल थोडी स्थिरावली, की एकच फटका शंभर वेळा मारण्याऐवजी फटके मिसळावेत. जॉन शी आणि रॉबिन मॉर्गन यांच्या १९७९ सालच्या प्रयोगात असे आढळले, की मिसळून केलेल्या सरावात तात्पुरती कामगिरी खालावते, पण शिकलेले अधिक काळ टिकते. सामन्यात एकच फटका दोनदा क्वचितच येतो, हे लक्षात घेतले तर यात नवल नाही.

तासाभराच्या सरावाची आखणी पुढीलप्रमाणे करता येईल. पहिली दहा मिनिटे एकट्या बॉलची चाचणी, पुढील वीस मिनिटे निवडलेल्या एकाच दोषावर सोपे फटके, त्यानंतर वीस मिनिटे निरनिराळ्या अंतरांचे स्टॉप शॉट आणि अखेरची दहा मिनिटे मनमोकळा खेळ. आठवड्यातून एकदा चार तास घालवण्यापेक्षा चार दिवस एकेक तास अधिक उपयोगी.

किती दिवस लागतील? २१ दिवसांत सवय बदलते, हे वाक्य बरेच प्रचलित आहे. ते अमेरिकी शल्यचिकित्सक मॅक्सवेल माल्ट्झ यांच्या १९६० सालच्या पुस्तकावरून पसरले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र नवी सवय अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागल्याचे दिसले आणि व्यक्तीगणिक हा काळ १८ ते २५४ दिवसांपर्यंत होता. तो अभ्यास खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या सवयींचा होता, त्यामुळे तो आकडा पूलला जसाच्या तसा लावता येणार नाही. बोध मात्र स्पष्ट आहे. प्रश्न आठवड्यांचा नसून महिन्यांचा आहे.

याच काळात बहुतेक जण माघार घेतात. नव्या पद्धतीने ओळखीचे फटकेही चुकू लागतात. काल ज्यांना हरवले त्यांच्याकडून हार पत्करावी लागते. 'जुनेच बरे होते' हा विचार बळावतो. पहिल्या दिवसाचे चित्रण आणि नोंदवही या वेळी कामी येतात. बॉल आत जाण्याचे प्रमाण घटले असले, तरी चुका पूर्वीपेक्षा पॉकेटच्या जवळ येऊ लागल्या असतील तर मार्ग योग्य आहे.

काय बदलू नये?

पुस्तकात नाही ते सारे चूक, असेही नव्हे. अमेरिकेचे कीथ मॅकक्रेडी क्यूचा हात शरीरापासून आडवा काढून खेळत आणि तरीही दिग्गजांत गणले गेले. 'द कलर ऑफ मनी' या १९८६ सालच्या चित्रपटातही ते झळकले. १९७२ आणि १९८२ साली स्नूकरचे विश्वविजेते ठरलेले अ‍ॅलेक्स हिगिन्स फटका मारताना अंग हलवण्याबद्दल ओळखले जात. स्नूकरचे आद्य सम्राट जो डेव्हिस यांची एक नजर अधू होती, म्हणून ते दुसऱ्या डोळ्याखाली क्यू धरत. उंची, हातांची लांबी, पाठीचे किंवा गुडघ्याचे दुखणे, चष्मा, यांनुसार ढब बदलणारच. वेगळेपण फटक्यागणिक तेच राहत असेल आणि दडपणाखाली टिकत असेल तर ते दोष नव्हे. चाचणीत जी लकब चूक ठरत नाही, तिला हात लावू नये.

अतिविचाराचाही धोका असतोच. स्नूकरचे सात वेळा विश्वविजेते ठरलेले स्टीफन हेंड्री यांनी कारकिर्दीच्या उत्तरार्धात क्यू मोकळेपणाने पुढे जात नसल्याची व्यथा स्वतःच जाहीरपणे सांगितली होती. म्हणून जाणते खेळाडू विचार आणि कृती यांत सीमारेषा आखतात. उभे असताना हवा तेवढा विचार करायचा, वाकल्यावर मात्र फक्त फटका.

दोष साधनांचाही असू शकतो. पार्लरमधील क्यू वाकलेला आहे का, हे तो टेबलावर गडगडवून पाहिल्यास कळते. टिप सपाट किंवा गुळगुळीत झाली असेल तर चॉक धरत नाही. बॉलवरील मळ आणि पावसाळ्यातील दमट हवेत संथ झालेले कापड यांमुळेही अंदाज चुकतो. तंत्राला दोष देण्यापूर्वी एवढी खातरजमा करावी. आणि शक्य असेल तेथे जाणत्या प्रशिक्षकाला महिन्यातून एकदा तरी खेळ दाखवावा. जे खेळाडूला वर्षभर दिसत नाही, ते त्रयस्थाला अनेकदा पाच मिनिटांत दिसते.

हे लक्षात ठेवा

- चूक अंदाजाने ठरवू नका. चाचणी, चित्रण आणि नोंदी यांवरून ठरवा.
- एका वेळी एकच दोष हाती घ्या.
- रेषा उभे असताना ठरवा. शंका आली तर उठा.
- पकड हलकी, डोके स्थिर, फटका झाल्यावरही वाकलेलेच राहा.
- गरज नसेल तेथे साइड स्पिन टाळा.
- सुरुवातीचे काही आठवडे खेळ बिघडेल. त्या काळात सामने कमी, सराव अधिक.
- महिन्यातून एकदा त्याच चाचण्या पुन्हा करा आणि पहिल्या नोंदींशी ताडून पाहा.